आक्काच्या रानातलं गांडूळ

"अहो वळवळेभाऊ, खाली या आधी! तुमचं अख्खं खानदान माझ्या दारात येऊन बसलंय!"

शिवणबाईंची हाक जिन्यातून वर आली तेव्हा वळवळे स्वतःच्याच उंबरठ्यावर गुडघे टेकून बसला होता. एका हातात चहाचा चमचा, दुसऱ्या हातात ओलं फडकं. चमच्यानं अलगद उचलायचं, फडक्यात ठेवायचं. नुकतं उजाडत होतं आणि जिन्याच्या पायऱ्यांवर कुणी लाल दोऱ्याचे तुकडे सांडून गेल्यासारखी गांडुळं पसरली होती. काही कठड्यावर चढली होती. एक तर दुधाच्या पिशवीवर ऐटीत पहुडलं होतं.

"येतो, येतो! पाय जपून ठेवा, बाई!"

"पाय कुठले ठेवू? मी मशीनच्या टेबलावर चढून उभी आहे!"

"मग तिथंच राहा. तुमच्यापेक्षा तीच जास्त घाबरलीत."

"काय म्हणालात?"

"काही नाही. म्हटलं, आलोच."

शिवणबाई खालच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. इमारतीतल्या सगळ्यांचे कपडे शिवायच्या आणि माप घेता घेता सगळ्यांच्या घरातलं काय ते काढून घ्यायच्या. बोटात सुई घुसली तरी 'हाय' न म्हणणारी ही बाई बोटभर गांडुळाला पाहून टेबलावर चढली, ही गोष्ट पुढं इमारतीत इतकी फिरली की शेवटी शेवटी ती कपाटावर चढली होती असं सांगणारेही निघाले.

वळवळे हे नाव त्याला शेतकी कॉलेजातल्या पोरांनी दिलेलं. खरं नाव पगाराच्या कागदावर असेल. बाकी ते कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. कॉलेजच्या मागच्या अंगाला पत्र्याची लांबलचक शेड होती, तिच्यात गांडूळखताचे वाफे होते, आणि त्या वाफ्यांचा मालक, सुईण आणि पहारेकरी असं सगळं वळवळेच होता. त्याच्याबद्दल काय काय सांगायचे लोक! म्हणे, तो रजेवर गेला की गांडुळं खाणं टाकतात. म्हणे, एकदा तपासणीला आलेल्या साहेबांची फाईल वाफ्यात पडली, तर जेवणाच्या सुट्टीनंतर पाहतात तो गांडुळांनी सगळी फाईल खाल्लेली, फक्त साहेबांची सही तेवढी शाबूत. वळवळेला विचारलं तर तो गंभीरपणे सांगायचा, "खरं आहे. ज्यात सत्त्व नाही ते आमची मंडळी खात नाहीत."

शेड बघायला आलेल्या मुलांना तो वर्षानुवर्षं एकच व्याख्यान द्यायचा. "माती म्हणजे इमारत समजा. वरच्या मजल्यावर ही आमची लाल, चपळ मंडळी. सडकंकुजकं, पालापाचोळा, शेण, त्यावर जगणारी. मधल्या मजल्यावर माती खाणारी फिकट मंडळी. आणि तळघरात राहतात ती जाडजूड, मातकट, कुणाशी ओळखदेख न ठेवणारी. ती वर येणार कधीतरी एखादं पान ओढून न्यायला, नाहीतर पोट साफ करायला. त्यांची बिळं म्हणजे मातीचे नळ. पाणी त्यातनंच खाली मुरतं, हवा त्यातनंच आत जाते. तर वरच्या मजल्यावरच्याला तळघरात कोंडायचं नाही. तो रातोरात बिऱ्हाड सोडून पळतो. म्हणजे काय? आपली ही लाल गांडुळं नुसत्या मातीत कधी सोडायची नाहीत! आणि नव्या वाफ्यावर सुरुवातीला रात्रभर दिवा लावून ठेवायचा. उजेडाला भिऊन ती खाली दडतात. तोवर त्यांना घर आवडायला लागतं."

मुलं टाळ्या वाजवायची. कॉलेजच्या मातीशास्त्राच्या मॅडम मागं उभ्या राहून हसायच्या, कारण हे व्याख्यान पहिल्यांदा त्यांनीच त्याला समजावून दिलं होतं. इमारत मात्र त्याची स्वतःची होती.

तर असा हा माणूस. आणि त्याच माणसानं आपल्या घरच्या गॅलरीत, अर्ध्या कापलेल्या पिंपात नुसती माती भरली, तिच्यात लाल गांडुळं सोडली, आणि वरचा दिवा मालवला. आपल्याच व्याख्यानाच्या विरुद्ध. का, तर आक्कासाठी.

आक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा आक्कानं ह्याला कडेवर घेतला तो जवळजवळ मिशी फुटेपर्यंत खाली ठेवला नाही. लग्न झाल्यावरही धाकट्याला सोबत घेऊन सासरी गेली. नवरा भला माणूस, बोलला काही नाही. मूलबाळ झालं नाही. शेत होतं, तेच तिनं सांभाळलं. नवरा गेल्यावरही कितीतरी वर्षं एकटीनं सांभाळलं. ती सकाळी उठून आधी मातीचा वास घ्यायची आणि मग ठरवायची आज काय करायचं ते. लोक हसायचे. मग तिचं पीक बघून हसायचे थांबायचे.

शहर हळूहळू सरकत आलं. आधी रस्ता आला, मग दिवे आले, मग चारी बाजूंनी इमारती. आक्काचं रान मधोमध, जेवणाच्या ताटात राहिलेल्या शेवटच्या घासासारखं. तिनं भांडण केलं नाही. "माणसं वाढली, धाकट्या," ती म्हणाली. "त्यांनी काय झाडावर राहायचं? फक्त माती वाढत नाही, एवढीच अडचण आहे." तिनं रान दिलं आणि भावाकडं तिसऱ्या मजल्यावर राहायला आली. वळवळेची बायको तोवर जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात दोन खोल्या आणि एक माणूस होता, आता दोन खोल्या आणि दोन माणसं झाली.

सुरुवातीला बरी होती. गॅलरीत उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्यांना नावं ठेवायची. मग तिथं नुसतीच उभी राहू लागली. मग खुर्ची घेऊन बसू लागली. आणि मग एकदा पलंगावर आडवी झाली ती झालीच. डॉक्टर येऊन गेले. सगळं तपासलं.

"दुखणं काही नाही," ते दारात वळवळेला हळूच म्हणाले. "पण पडून राहिल्या तर त्यातच संपतील. छाती भरेल, पाय जातील. काहीही करा, पण त्यांचे पाय जमिनीला लागू द्या."

झालं. वळवळेनं काहीही करायला सुरुवात केली. शिवणबाईंना वर बोलावून गप्पा मारायला बसवलं; आक्कानं डोळे मिटून घेतले. रेडिओ लावला, आक्कानं भिंतीकडं तोंड केलं. विनोद सांगितले, ती म्हणाली, "हा तू सातवीत असताना सांगितला होतास." हे वाक्यसुद्धा त्याला मोठा प्रसाद मिळाल्यासारखं वाटलं. पण त्यानंतर ती बोलेनाशीच झाली.

तेव्हा त्याला माती सुचली. आक्काच्या रानावर इमारती उभ्या राहत होत्या. पाया खणण्याआधी वरची माती खरवडून एका कोपऱ्यात तिचा ढीग लावला होता. त्यातली पोतंभर माती त्यानं आणली, खांद्यावरून तीन मजले चढवली, पिंपात ओतली, आणि मूठभर घेऊन आक्काच्या नाकाशी धरली.

"आक्का, तुझ्या रानातली आहे."

आक्कानं वास घेतला. पुन्हा घेतला. मग हात बाजूला केला.

खरंच, मातीला वास नव्हता. उन्हात पडून पडून ती नुसती भुकटी झाली होती. मूठभर जित्या मातीत एखाद्या शहरात माणसं असतील त्याहून अधिक जीव राहतात, हे वळवळे मुलांना सांगायचा. हे शहर मात्र ओस पडलं होतं. मग त्यानं ठरवलं, आपण ते वसवू. शेडमधून डबाभर गांडुळं आणली, मातीत सोडली, पाणी शिंपडलं, आणि नियमाप्रमाणं गॅलरीतला दिवा लावून ठेवला. दिव्याचा उजेड खिडकीतून थेट आक्काच्या पलंगावर पडत होता.

"धाकट्या," पलंगावरून आवाज आला. कित्येक दिवसांनी आलेला आवाज. "तो दिवा मालव. डोळ्यांवर येतोय."

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी कुणाला व्याख्यान आठवेल? वळवळेचा आनंद पोटात मावेना. त्यानं दिवा मालवला आणि अंथरुणावर पडल्या पडल्या ते एकच वाक्य मनात घोळवत झोपी गेला. आणि तिकडं उपाशी मंडळींनी बोचकी बांधली.

शिवणबाईंच्या दारातली गोळा करून तो वर आला तेव्हा फडकं गच्च भरलं होतं. तो खोलीत पाऊल टाकणार, एवढ्यात आक्का ओरडली.

"थांब! तिथं पाय ठेवू नकोस!"

वळवळे एका पायावर थांबला. पलंगाजवळ फरशीवर एक चुकार गांडूळ होतं, त्याच्या चपलेखाली येता येता वाचलेलं. तो चमचा पुढं करणार तोच आक्का उठून बसली. पांघरूण बाजूला सारलं. आधी एक पाय खाली सोडला, मग दुसरा. दोन्ही तळवे गार फरशीला टेकले तसे तिनं डोळे बारीक केले, वाकली, आणि चिमटीत न दाबता, बोट आडवं धरून गांडुळाला त्यावर चढू दिलं.

वळवळे अजून एका पायावरच उभा होता.

"हे माझ्या रानातलं नव्हे," आक्का म्हणाली.

"नाही, ते—"

"हे उकिरड्यावरचं आहे. बघ कसं पळतंय. चहाटळ. माझी जाड असतात, मातकट. त्यांना घाई नसते. हे कशाला सोडलंस मातीत? खाणार काय ते? तू कॉलेजात हेच शिकवतोस ना?"

"ह्याच्या उलट शिकवतो."

आक्कानं त्याच्याकडं पाहिलं. मग फडक्यातल्या गुंतवळाकडं पाहिलं. मग तिच्या खांद्यांना हिसका बसला. वळवळेला वाटलं रडते आहे. पण नाही, ती हसत होती. खोकला येईपर्यंत हसली.

"पाय खाली ठेव आता," ती म्हणाली. "बगळ्यासारखा काय उभा आहेस."

चहा पिताना तिनं हुकूम सोडला. "माझी आण."

"आक्का, कुठून आणू? तिथं इमारती झाल्यात."

"चिंचेखाली इमारत झालीय?"

चिंच उभी होती, हे खरं. तिच्या भोवतीचा पट्टा बाग करायची म्हणून सोडला होता.

"तिच्या दक्षिणेच्या अंगाला बघ. सावली असते. पाला पडतो तो मी कधी उचलला नाही. ती तिथं असणार."

"मी जाऊन येतो कॉलेज सुटल्यावर."

"तू?" आक्का म्हणाली. "तू परत कुणाच्या तरी उकिरड्यातली घेऊन येशील. मीच येते."

आता तिसऱ्या मजल्यावरून आक्काला खाली कसं आणलं, त्याच्या दोन कथा आहेत. वळवळे सांगतो, ती कठडा धरून स्वतः उतरली, प्रत्येक मजल्यावर बसत बसत. शिवणबाई सांगतात, त्यांनी आणि वळवळेनं तिला खुर्चीत बसवून उतरवलं आणि वळवळेभाऊ एवढे धापा टाकत होते की खुर्चीत त्यांनाच बसवावं लागलं असतं. काही असो, त्या रविवारी दुपारनंतर तिघं टेम्पोतून चिंचेपाशी पोचली. शिवणबाई का आल्या होत्या? त्या म्हणाल्या, "माझ्या दारात आली होती, आता मी त्यांच्या दारात जाते."

फाटकावर पहारेकरी होता. तरणाबांड, नवी कोरी वर्दी, बाह्या लांब.

"आत खणायला परवानगी नाही, आजी."

"खणायला कोण आलंय? भेटायला आलेय."

"कुणाला?"

"खाली राहतात," आक्का म्हणाली.

पहारेकऱ्यानं तळमजल्याच्या खिडक्यांकडं बघितलं. शिवणबाईंनी मधेच त्याची बाही धरून उलटसुलट करून पाहिली. "कुणी शिवलंय हे? आण माझ्याकडं, आखूड करून देते." एवढ्यावर फाटक उघडलं.

चिंचेखाली आक्का मांडी घालून बसली. जमिनीवर बसायला तिला वळवळेचा हात लागला. बसल्यावर मात्र तिनं तो सोडला. पालापाचोळा हातानं बाजूला करत ती कितीतरी वेळ फिरत राहिली, बसल्या बसल्याच. खालची माती काळी होती, ओलसर. तिनं चिमूटभर घेऊन हुंगली आणि ती चिमूट तशीच भावाच्या नाकाशी धरली.

ह्या मातीला वास होता.

वळवळेनं पिशवीतून बाटली काढली. "मोहरीचं पाणी आणलंय. मॅडमनी दाखवलं होतं. हे बिळात ओतलं की तळघरातलीसुद्धा वर येतात. शेतात किती आहेत ते असंच मोजतात."

"चुरचुरत नाही त्यांना?"

"थोडं चुरचुरत असेल. म्हणून तर वर येतात. नंतर धुवायचं साध्या पाण्यानं."

"म्हणजे मी त्यांच्या घरी आले भेटायला, आणि तू त्यांच्या डोळ्यांत मोहरीचं पाणी घालणार?"

"आक्का, त्यांना डोळे नसतात."

"कातडं तर असतं की."

बाटली पिशवीत परत गेली. आक्कानं एक काठी मातीत खोचली आणि दुसरी काठी तिच्यावर घासू लागली, सारंगीवर गज फिरवावा तशी. जमीन हलकेच गुरगुरली. ह्या थरथरीनं गांडुळं वर येतात, हा तिचा अनुभव. पहारेकरी वाकून बघायला लागला. शिवणबाई जरा उंच जागा बघून उभ्या राहिल्या. टेबल जवळ नव्हतं. सगळे वाट बघत राहिले.

कुणीही वर आलं नाही.

आक्कानं पुन्हा घासलं. हात थकला तसं वळवळेनं घासलं, मग पहारेकऱ्यानंही हौस भागवून घेतली. एक मुंगळा निघाला, तो वळवळेकडं नाराजीनं बघून निघून गेला. बाकी सामसूम.

"नसतील आता," शिवणबाई हळूच म्हणाल्या. "एवढ्या यंत्रांच्या धडधडीत कोण राहील?"

"आहेत," आक्का म्हणाली. "उत्तर देत नाहीत. इतकी धडधड झाल्यावर मी तरी कुठं देत होते?"

वळवळेनं मान खाली घातली आणि उगाच पिशवीची नाडी ओढली.

मग तिनं ढेकूळ काढायला लावलं. खुरप्यानं चारी बाजूंनी खोल चर पाडून, मधला भाग न फोडता, जसा होता तसा. वळवळेनं तो मूल उचलावं तसा दोन्ही हातांनी उचलला. खालून दोन पांढरी मुळं लोंबत होती. एका कडेला करंगळी जाईल एवढं भोक दिसत होतं.

"ह्यात कुणी आहे का?" पहारेकऱ्यानं विचारलं.

"असेल तर आहे," आक्का म्हणाली. "फोडून बघायचं नसतं."

घरी आल्यावर पिंपातली भुकटी अर्धी काढली, बाकीच्यात शेडमधलं मुरलेलं खत मिसळलं, मधोमध ढेकूळ बसवलं, वर चिंचेचा पाला पसरला. लाल मंडळी केव्हाच आपल्या शेडमध्ये परत गेली होती. आणि दुसऱ्या दिवसापासून आक्का उठू लागली. दिवस उजाडला की भिंत धरून गॅलरीत यायची, पिंपावर वाकायची, पाला जरा सारून बघायची. वर आलं असेल तर खूण दिसणार होती: बिळाच्या तोंडाशी ओल्या मातीच्या बारीक कड्यांची ढिगुळी. कुणीतरी माती खाऊन, पोटातून काढून, रचून ठेवलेली.

"आलं?" आतून वळवळे विचारायचा.

"नाही अजून."

"येईल."

"घाई कुणाला आहे?"

ह्या दोन-चार वाक्यांवर त्या घराचा दिवस उभा राहायचा. डॉक्टर येऊन गेले, म्हणाले, काय दिलंत? वळवळे म्हणाला, माती. डॉक्टरांनी विषय बदलला.

दिवस गेले. खूण काही उमटेना. आक्का तरी यायची, पण वळवळेलाच धीर निघेना. समजा, तिनं यायचं सोडलं तर? पुन्हा भिंतीकडं तोंड केलं तर? ह्या धास्तीनं त्याच्या डोक्यात एक किडा वळवळला. कॉलेजातून येताना तो चिकणमाती घेऊन आला, ती पाण्यात कालवली, एका रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटलीत भरली, आणि पहाटे आक्का उठायच्या आत बिळाच्या तोंडाशी पिळून पिळून अशी सुरेख ढिगुळी रचली की खऱ्या गांडुळानं येऊन शिकवणी लावावी. मग अंथरुणात शिरून घोरण्याचं सोंग केलं.

आक्का आली. वाकली. बराच वेळ वाकून राहिली.

"धाकट्या!"

"अं? काय? आलं की काय?" तो डोळे चोळत बाहेर आला.

"आलंय."

"बघ! मी म्हटलं नव्हतं?"

"छान रचलंय," आक्का म्हणाली. "नीटनेटकं काम आहे. फक्त ह्याला भांडी घासायच्या साबणाचा वास येतोय."

वळवळेनं पिंपाकडं पाहिलं, मग छताकडं.

"बाटली विसळून घ्यायची, वेड्या," ती म्हणाली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला. लहानपणी चिखलात लोळून आल्यावर फिरवायची तसा. "मी येईन रे रोज. काही दिसलं तरी आणि नाही दिसलं तरी."

ऊन वाढलं. पिंपाच्या कडेनं माती सुटू लागली तसा वळवळे दिवसातून दोनदोनदा पाणी घालायला लागला. आक्कानं त्याचा हात धरला.

"एवढं नको. खाली असेल तर आता झोपलं असेल. उन्हाळ्यात ती खोल जातात आणि अंगाची गाठ मारून झोपतात. मी नांगरताना पाहिलीत, मातीच्या गोळीत गाठ मारून निजलेली. मेल्यासारखी दिसतात. मेलेली नसतात. ओल खाली पोचली की गाठ आपोआप सुटते. तोवर हाका मारायच्या नाहीत."

हे सांगितल्यावर ती कितीतरी दिवस रोज येत राहिली. मग एका सकाळी आली नाही. वळवळे चहा घेऊन आत गेला तर ती कुशीवर होती, गुडघे पोटाशी घेतलेले, हात गालाखाली. पायांत चपला नव्हत्या, पण त्या पलंगाखाली नीट जोडून ठेवल्या होत्या, तोंडं गॅलरीकडं करून.

त्यानं हाक मारली नाही. चहाचा कप खाली ठेवला आणि शेजारी बसून राहिला.

त्यानंतर घरात पुन्हा दोन खोल्या आणि एक माणूस. शिवणबाई वर यायच्या, डब्यातून काहीबाही द्यायच्या, गप्पा मारायचा प्रयत्न करायच्या. वळवळेचं व्याख्यान शेडमध्ये चालू होतं, पण त्यात तळघरातल्या मंडळींचा भाग आला की तो जरा थांबायचा. मुलांना वाटायचं, काका विसरले. घरी आला की गॅलरीतला दिवा लावायचा तो रात्रभर तसाच राहू द्यायचा. खिडकीतून उजेड पडायचा रिकाम्या पलंगावर. कुणी म्हणणार नव्हतं, डोळ्यांवर येतोय म्हणून. पिंपात तो आक्कानं सांगितलं होतं तेवढंच पाणी घालायचा, पाल्यावरून, हलक्या हातानं. वाकून मात्र बघायचा नाही.

पुढं हवा पालटली. पाऊस लागून राहिला, गॅलरीत तुषार यायला लागले, पिंपातला पाला भिजून काळा झाला. एका पहाटे शिवणबाईंनी खालून हाक मारली.

"वळवळेभाऊ, पिंपातलं पाणी खाली ठिबकतंय माझ्या कपड्यांवर! बघा जरा!"

"बघतो, बाई."

पिंप जरा कलतं करावं म्हणून तो वाकला, आणि वाकलेलाच राहिला.

चिंचेची दोन पानं बिळाच्या तोंडाशी उभी होती, देठं आत गेलेली, कुणी खालून ओढत असताना मधेच थांबल्यासारखी. शेजारी ओल्या मातीच्या कड्यांची ढिगुळी. वेडीवाकडी. एका बाजूला कललेली. त्याची स्वतःची हिच्यापेक्षा कितीतरी सुबक होती.

त्यानं वाकून वास घेतला. साबणाचा नव्हता.

"ठिबकतंय अजून!" खालून आवाज आला.

"हळू बोला, बाई," वळवळे म्हणाला.

डोक्यावर दिवा जळत होता. उजाडलं होतं तरी तो पिंपावर पिवळा उजेड टाकत होता. वळवळे उठला, भिंत धरत धरत बटणापर्यंत गेला. त्यांना डोळे नसतात, हे त्याला ठाऊक होतं. इतकी वर्षं तो तेच शिकवत आला होता. पण कातडं असतं.

त्यानं दिवा मालवला.